मोरोगोरोचे उंदीर, मेरूचं पाणी

सोमवार, दारेसलाम

टांझानियाला येणारी आपल्याकडची माणसं बहुतेक सेरेंगेटीसाठी नाहीतर किलिमांजारोसाठी येतात. मला विद्यापीठं बघायची होती. कृषी विद्यापीठात कीटकशास्त्र शिकवताना माझी बरीच वर्षं शेतातल्या उंदरांच्या मागे गेली, आणि या विषयात काम करणाऱ्याला मोरोगोरो हे नाव कधी ना कधी भेटतंच. मी निवृत्त झाले, भाची नवऱ्याच्या नोकरीमुळे दारेसलामला राहायला आली आणि "मावशी, आता तरी ये" असा तिनं धोशा लावला. तिकीट काढायच्या आधी मी मोरोगोरो आणि अरुशाकडच्या विद्यापीठांना पत्रं पाठवली. दोन्हीकडून "करिबू", म्हणजे "या, स्वागत आहे", असं उत्तर आलं आणि बेत पक्का झाला.

पहिला दिवस दारेसलाम विद्यापीठासाठी ठेवला होता. बजाजीनं, म्हणजे तीनचाकी रिक्षानं, गर्दीतून वाट काढत आम्हाला टेकडीच्या पायथ्याशी सोडलं. इथले लोक या विद्यापीठाला 'म्लिमानी', म्हणजे टेकडीवरचं, असंच म्हणतात. १९६१ साली, देश स्वतंत्र होण्याच्या तोंडावर, लुमुम्बा रस्त्यावरच्या पक्ष कार्यालयाच्या इमारतीत ते सुरू झालं. तेव्हा फक्त कायद्याची शाखा होती आणि विद्यार्थी डझनभर. १९६४ मध्ये ते टेकडीवर आलं. त्या काळात केनियाचं नैरोबी, युगांडाचं मकेरेरे आणि हे, अशा तिघांचं मिळून पूर्व आफ्रिका विद्यापीठ होतं, ते १९७० मध्ये तिघांत वाटलं गेलं. गयानाचे इतिहासकार वॉल्टर रॉडनी इथं शिकवत होते, पुढे युगांडाचे राष्ट्राध्यक्ष झालेले योवेरी मुसेवेनी इथं शिकले. एन्क्रुमा हॉलचं ते घड्या घातल्यासारखं छप्पर पूर्वी ५०० शिलिंगच्या नोटेवर असायचं. विद्यापीठाची इमारत नोटेवर छापणारा देश मला आवडतो.

उपाहारगृहात एक निवृत्त प्राध्यापक भेटले. भाचीच्या शेजाऱ्यांच्या ओळखीतले. तरुण मुलं जाता-येता त्यांना "शिकामू, म्वालिमू", म्हणजे "नमस्कार, गुरुजी", म्हणत होती आणि ते दर वेळी बोलणं थांबवून "मरहबा" म्हणत होते. मंदाजी (तळलेली गोडसर पुरी) आणि चहा समोर ठेवून त्यांनी १९८० च्या दशकाची हकीकत सांगितली. सरकारची तिजोरी रिकामी, १९८६ मध्ये नाणेनिधीशी करार झालेला, खर्चाला कात्री. त्या काळात जागतिक बँकेचं म्हणणं असं होतं की गरीब देशांनी पैसा प्राथमिक शाळांवर लावावा, विद्यापीठावर लावलेल्या पैशाचा समाजाला परतावा कमी मिळतो. प्राथमिक शाळा तर हव्याच होत्या. पण इथल्या ग्रंथालयात नियतकालिकं यायची बंद झाली, प्रयोगशाळेतली रसायनं संपली ती पुन्हा आली नाहीत, आणि ज्यांना बाहेर नोकरी मिळू शकत होती ते बोत्स्वाना, दक्षिण आफ्रिका, युरोप असे निघून गेले. "आमच्या विभागात विद्यार्थी होते, खडू होता, मी होतो," ते म्हणाले. "माझ्यानंतर शिकवेल असा माणूस तयार करायची सोय तेवढी नव्हती."

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं, कारण पुढच्या सगळ्या प्रवासात मला तेच तपासायचं होतं. पुढे त्याच जागतिक बँकेनं आपलं मत बदललं. २०१४ मध्ये पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत, आणि २०१६ मध्ये पूर्वेकडच्या व दक्षिणेकडच्या देशांत 'सेंटर्स ऑफ एक्सलन्स' नावाची योजना आली. दुसऱ्या टप्प्यात इथिओपिया, केनिया, युगांडा, रवांडा, टांझानिया, मलावी, झांबिया आणि मोझांबिक या ८ देशांतली २४ केंद्रं निवडली गेली. रक्कम सुमारे १४ कोटी डॉलर, आणि ती देशांनी काढलेलं कर्ज म्हणून. नवीन विद्यापीठ काढायचं नाही. आहे त्याच विद्यापीठातला एखादा चांगला गट हेरायचा, त्यानं एक नेमका प्रश्न घ्यायचा, त्यावर एमएस्सी-पीएचडीची मुलं तयार करायची आणि शेजारच्या देशांतल्या मुलांनाही प्रवेश द्यायचा. टांझानियाच्या वाट्याला ४ केंद्रं आली. दोन मोरोगोरोत, दोन अरुशाजवळ.

परतताना नवं ग्रंथालय पाहिलं. चीनच्या मदतीनं बांधलेलं, २०१८ मध्ये उघडलेलं, अवाढव्य. आत शेकडो मुलं मान खाली घालून वाचत होती. बघून समाधान वाटलं. पण मन मोरोगोरोच्या वाटेला लागलं होतं.

मंगळवार, मोरोगोरो

नवी विजेवर चालणारी रेल्वे २०२४ पासून सुरू झाली आहे. दारेसलाम ते मोरोगोरो दोन तासांच्या आत. ताशी १६० किलोमीटरच्या वेगात बाहेरची गावं नीट दिसतसुद्धा नाहीत. मक्याची शेतं, नारळ, मग सिसालच्या म्हणजे घायपाताच्या रांगा, आणि शेवटी उजाड माळावरून एकदम उठलेला उलुगुरूचा डोंगर. मार्चचा पहिला आठवडा, 'मसिका' म्हणजे मोठा पाऊस नुकता तोंडावर आलेला. डोंगराचा माथा ढगात होता.

सोकोइने कृषी विद्यापीठ याच डोंगराच्या पायथ्याशी आहे. एडवर्ड सोकोइने हे पंतप्रधान. एप्रिल १९८४ मध्ये मोरोगोरोजवळच मोटार अपघातात ते गेले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये इथल्या कृषी शाखेचं स्वतंत्र विद्यापीठ होऊन त्यांचं नाव दिलं गेलं. आवारात सगळीकडे बांधकाम चालू आहे. उच्च शिक्षणासाठी सरकारनं २०२१ मध्ये जागतिक बँकेकडून आणखी ४२.५ कोटी डॉलर घेतले आहेत, त्याच्या पाट्या जागोजागी दिसतात. संध्याकाळी पाहुण्यांच्या खोलीत उगाली म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, राजम्यासारखे 'महारागे' आणि हिरव्या पाल्याची भाजी. उगाली मला पहिल्या घासापासून जमली. जी ज्वारीच्या उकडीवर वाढली तिला ती जमणारच.

बुधवार, मोरोगोरो

पहाटे साडेपाचला निघालो. सराव उन्हं चढायच्या आत होतो, कारण या विद्यार्थ्यांना ऊन सोसत नाही.

हे विद्यार्थी म्हणजे आफ्रिकेतले थैलीगालाचे मोठे उंदीर. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत पाऊण मीटरभर लांब, वजन किलो-सव्वा किलो, डोळे अधू आणि नाक विलक्षण तीक्ष्ण. 'अपोपो' ही संस्था बेल्जियममध्ये १९९७ मध्ये सुरू झाली. बार्ट वेटयेन्स यांच्या डोक्यातली कल्पना अशी होती की भूसुरुंग शोधायला महागडी यंत्रं आणि कुत्री यांच्यापेक्षा स्वस्त, हलका, स्थानिक प्राणी का वापरू नये. २००० मध्ये ते सगळं इथं, सोकोइने विद्यापीठात आलं. इथंच का, याचं कारण मला महत्त्वाचं वाटतं. उंदरांना ओळखणारी माणसं आधीपासून इथं होती. त्यांचं प्रजनन कसं होतं, त्यांना कोणते आजार होतात, पिंजऱ्यात ते कसे राहतात, हे सांगणारा विभाग विद्यापीठात तयार होता.

सरावाचं मैदान म्हणजे गवत कापलेला मोठा माळ, दोऱ्यांनी आखलेले चौकोन. जमिनीत निकामी केलेले खरे सुरुंग पुरलेले. दोन टोकांना दोन प्रशिक्षक, त्यांच्यामध्ये ताणलेली दोरी आणि दोरीला पट्ट्यानं अडकवलेला उंदीर. तो पलीकडे जातो, वळतो, परत येतो. नाक जमिनीला. मध्येच थांबला आणि पुढच्या पायांनी खरवडायला लागला. प्रशिक्षकानं हातातलं 'क्लिक' वाजवलं आणि उंदीर दोरीवरून धावत त्याच्याकडे आला, केळ्याचा तुकडा घेऊन गालात कोंबला, परत कामाला. धातूचे जुने तुकडे, खिळे, डबे यांच्याकडे त्याचं लक्षच नाही. त्याला फक्त स्फोटकाचा वास ओळखायला शिकवलेलं असतं. म्हणून टेनिसच्या मैदानाएवढी जागा तो अर्ध्या तासात तपासतो. धातुशोधक घेतलेल्या माणसाला त्याला चार दिवससुद्धा लागू शकतात. वजन कमी असल्यानं सुरुंग फुटत नाही. तयार व्हायला उंदराला नऊ महिने ते वर्ष लागतं. मोझांबिक २०१५ मध्ये सुरुंगमुक्त जाहीर झाला, त्यात या उंदरांचा हात होता. इथंच शिकून कंबोडियात गेलेल्या मगावा नावाच्या उंदराला २०२० मध्ये ब्रिटनमधलं प्राण्यांसाठीचं सुवर्णपदक मिळालं.

प्रशिक्षक बाईंनी एका उंदराच्या कानांना आणि शेपटीला ऊन लागू नये म्हणून मलम लावलं. किती जपून लावलं!

पण मला जास्त वेळ थांबावंसं वाटलं ते क्षयरोगाच्या खोलीत. दवाखान्यांत तपासून झालेले थुंकीचे नमुने इथं येतात. उष्णता देऊन त्यांतले जंतू आधी मारतात. लांबट काचेच्या पिंजऱ्याच्या तळाशी ओळीनं भोकं, प्रत्येक भोकाखाली एक नमुना. उंदीर एकेका भोकावर नाक नेतो. बहुतेक ठिकाणांवरून क्षणात पुढे जातो, एखाद्या ठिकाणी तीन-एक सेकंद थबकतो. तो नमुना बाजूला काढून पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. १०० नमुने २० मिनिटांत. तंत्रज्ञाला त्याला काही दिवस लागतात. उंदराचं म्हणणं म्हणजे निदान नाही, हे तिथल्या प्रत्येकानं मला बजावून सांगितलं. पक्कं होतं ते प्रयोगशाळेतच. पण दवाखान्यातून 'काही नाही' असं सांगून घरी पाठवलेला माणूस यातून परत शोधला जातो. क्षयाचं ओझं आपल्या देशाइतकं कुठेच नाही. सातारा-सांगलीकडच्या ग्रामीण रुग्णालयांत सूक्ष्मदर्शकाशी एकटाच बसलेला तंत्रज्ञ मी पाहिला आहे. त्याची आठवण आली.

विद्यापीठाचं जे केंद्र योजनेत निवडलं गेलं, त्याच्या नावातच दोन्ही कामं आहेत: उंदीर-व्यवस्थापन आणि जैविक संवेदक. त्यामुळे परदेशी संस्थेचं कौशल्य आणि विद्यापीठाची पदवी एका छताखाली आली. उंदीर कसा शिकतो, कोणता वास त्याला नेमका कळतो, किती वेळा चुकतो, यावर आता इथली मुलं पीएचडी करतात. खवल्या मांजराच्या खवल्यांची चोरटी वाहतूक पकडायला उंदरांना शिकवण्याचं कामही चालू आहे, आणि कोसळलेल्या इमारतीच्या ढिगाऱ्यात माणसं शोधायचंही. पाठीला चिमुकली पिशवी बांधलेला उंदीर पाहिला. पिशवीला खटका आहे. माणूस सापडला की तो ओढायचा.

दुपारी एका तंत्रज्ञांशी बोलणं झालं. त्यांनी सांगितलं, पूर्वी उपकरण बिघडलं की नैरोबीहून माणूस येईपर्यंत वाट बघायची. केंद्राच्या पैशातून तंत्रज्ञांचं प्रशिक्षण झालं आणि आता लहानसहान दुरुस्ती तेच करतात. रसायनं मात्र अजून बंदरात अडकतात. सीमाशुल्काची कागदपत्रं पुरी होईपर्यंत बर्फ वितळून जातो. हे ऐकताना मी नुसती मान हलवत होते. आपल्याकडे यापेक्षा वेगळं काय आहे?

गुरुवार, मोरोगोरो

आज माझे स्वतःचे उंदीर. म्हणजे शेतातले.

मास्तोमिस नातालेन्सिस. इथले शेतकरी त्याला नुसतं 'पान्या' म्हणतात. दिसायला साधा, तपकिरी. मादी एका वेतात दहा-बारा पिल्लं देते. मक्याची पेरणी झाली की त्या रात्रीपासून पुढचे काही दिवस तो सरीतून नाक घासत जातो आणि दाणा-दाणा उकरून खातो. टांझानियात उभ्या पिकाचं नुकसान साधारण ५ ते १५ टक्के सांगतात, पण उंदीर फुटतात, म्हणजे एकदम बेसुमार वाढतात, त्या वर्षी एखाद्या गावात पेरणीच सगळी जाते. दुबार पेरणी म्हणजे काय, हे मराठी वाचकाला सांगायला नको.

विद्यापीठाच्या जमिनीवर एक आखलेलं रान आहे. तिथं दर महिन्याला काही रात्री पत्र्याचे पेटीसारखे सापळे मांडतात, आत शेंगदाण्याचं कूट आणि मक्याचं पीठ. सकाळी सापळ्यातला प्रत्येक उंदीर काढायचा, वजन करायचं, नर की मादी, गाभण आहे का ते लिहायचं, खूण करायची आणि जिथं सापडला तिथंच सोडून द्यायचा. पुढच्या महिन्यात तो परत सापडतो का ते बघायचं. हे काम १९८० च्या दशकात सुरू झालं. बेल्जियमच्या अँटवर्प विद्यापीठाचे हेरविग लाइर्स आणि इथले रोड्स मकुंडी अशांनी ते उभं केलं. पाऊस केव्हा पडला, किती पडला, त्यानंतर उंदीर केव्हा विणीला आले आणि पुढच्या वर्षी ते फुटले का, याचा मेळ त्यातून बसला. १९९७ मध्ये 'नेचर'मध्ये तो छापून आला. 'वुली' म्हणजे वर्षाअखेरीचा छोटा पाऊस लवकर आणि भरपूर झाला, तर उंदरांची एक पिढी हंगामाआधीच वाढते आणि पुढचं पीक धोक्यात येतं. तेव्हा शेतकऱ्याला काही महिने आधी सांगता येतं. हा निष्कर्ष मी वर्गात वर्षानुवर्षं फळ्यावर काढला आहे. आज त्या रानात उभी राहून मी एक उंदीर हातात धरला, त्याच्या मानेची कातडी चिमटीत, आणि विद्यार्थिनीनं आकडा सांगितला तो माझ्या हातानं नोंदवहीत लिहिला.

मला या सगळ्या प्रवासात जे म्हणायचं आहे, ते या नोंदवहीपाशी म्हणते. पाच वर्षांच्या प्रकल्पात ही वही झाली नसती. माणसं बदलली, एका निधीतून दुसऱ्या निधीकडे उड्या माराव्या लागल्या, पण महिन्याचे सापळे चुकले नाहीत. त्यामुळेच योजनेचा पैसा आला तेव्हा तो टेकायला जागा होती. जिथं अशी वही नाही तिथं यंत्र येतं, उद्घाटन होतं आणि धूळ बसते. जगभरातल्या देणगीदारांना पाच वर्षांच्या पलीकडे बघायला शिकवलं पाहिजे, आणि सरकारांनी तर ते आपलं कर्तव्यच मानलं पाहिजे. या योजनेत एक शहाणपणाची गोष्ट आहे: पैसे आधी मिळत नाहीत. ठरलेलं काम झालं, म्हणजे शेजारच्या देशातली इतकी मुलं दाखल झाली, अभ्यासक्रमाला बाहेरची मान्यता मिळाली, शोधनिबंध छापले गेले, विद्यापीठानं स्वतः काही कमाई केली, हे तपासलं गेलं की मग हप्ता मिळतो. त्यामुळे हिशेब इमारतींचा न होता माणसांचा होतो. पण प्रकल्प संपल्यावर मलावीहून येणाऱ्या एखाद्या मुलीची शिष्यवृत्ती कोण देणार, हा प्रश्न मी ज्यांना ज्यांना विचारला त्यांनी उत्तर द्यायच्या आधी थोडा वेळ घेतला.

नोंदवहीवाली विद्यार्थिनी इथिओपियाची. गावातल्या सगळ्या शेतकऱ्यांनी एकाच वेळी सापळे लावले तर काय फरक पडतो, हा तिचा विषय. एकट्यानं लावले तर शेजारच्या बांधावरून उंदीर पुन्हा येतात. साऱ्यांनी मिळून, पेरणीच्या आधी, बांधावरचं गवत काढून लावले तर विषाची गरजच कमी होते. आपल्याकडे झिंक फॉस्फाइडची पुडी हा पहिला उपाय असतो आणि त्यात कुत्री, घुबडं, कधी माणसंही दगावतात. इथं गर्भनिरोधक आमिषाचेही प्रयोग झाले आहेत. मी तिला आमच्या भागातल्या उसातल्या उंदरांबद्दल सांगितलं. ऊस वर्षभर उभा, म्हणजे उंदराला बारमाही घर. तिनं लगेच विचारलं, तोडणीनंतर ते कुठे जातात? आमच्याकडे याची महिन्यागणिक नोंद कुणी ठेवलेली मी पाहिलेली नाही. तिला मी तसंच सांगितलं.

दुपारी पशुवैद्यक शाखेतलं दुसरं केंद्र बघितलं. माणसांचे आणि जनावरांचे साथीचे आजार एकत्र अभ्यासणारं. डुकरांच्या तापापासून पटकीपर्यंत, विषाणू-जिवाणूंची जनुकीय ओळख आता इथंच करता येते. पूर्वी नमुने बर्फात घालून युरोपला पाठवायचे आणि उत्तर येईपर्यंत साथ पुढच्या जिल्ह्यात गेलेली असायची. जनुकं वाचणारं, तळहातावर मावणारं यंत्र त्यांनी दाखवलं. इथं वेळ कमी मिळाला, याची चुटपुट लागली.

शुक्रवार, रस्त्यावर

मोरोगोरो ते अरुशा, अख्खा दिवस बस. चालिंझे, सेगेरा, कोरोग्वे. मैलोन्मैल सिसाल. पारे डोंगर उजवीकडे. मोशीला किलिमांजारो ढगात.

शनिवार-रविवार, तेंगेरू

विद्यापीठाला सुट्टी. तेंगेरूचा शनिवारचा बाजार केळ्यांचा. भाजायची, शिजवायची, दारूची आणि खायची, सगळी वेगळी. गावाबाहेर पोलिश लोकांची जुनी दफनभूमी आहे. दुसऱ्या महायुद्धात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित इथं राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. आमच्या कोल्हापूरच्या वळिवड्यातही तेव्हा अशीच छावणी होती, त्यामुळे थडग्यांवरची नावं वाचताना ती परकी वाटली नाहीत.

बाजारात भाजी विकणाऱ्या एका पोरानं हसून भाव सांगितला आणि त्याचे दात दिसले. पिवळट-तपकिरी, मधे खळगे. मग बघावं त्याच्या तोंडात तेच. उद्याचा विषय आजच समोर आला.

सोमवार, तेंगेरू

नेल्सन मंडेला आफ्रिकन विज्ञान व तंत्रज्ञान संस्था. इथं फक्त एमएस्सी आणि पीएचडी. नोव्हेंबर २०१२ मध्ये रीतसर उद्घाटन. मंडेलांच्या नावानं आफ्रिकेत विज्ञानाच्या उच्च शिक्षणाच्या काही मोजक्या संस्था असाव्यात या कल्पनेतून ती उभी राहिली. तिची दोन केंद्रं योजनेत आहेत: एक अन्न आणि पोषणाचं, दुसरं पाणी आणि ऊर्जेचं.

मेरू हा अरुशाजवळचा ज्वालामुखी. त्याच्या राखेतून आणि खडकातून झिरपलेल्या झऱ्यांत फ्लोराइड फार. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १.५ मिलीग्रॅम, इथल्या कित्येक झऱ्यांत ती अनेक पटींनी ओलांडलेली. दात तर जातातच, पण वर्षानुवर्षं प्यायलं तर हाडं वाकतात. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या वाचकांना हे चित्र ओळखीचं आहे. पांढरकवडा, किनवट, वरोरा या भागांत बोअरच्या पाण्यानं हेच केलं आहे.

एका खोलीत ओळीनं नळकांडी. एकीत जनावरांच्या हाडांचा कोळसा. हाडं कमी हवेत तापवली की त्या कोळशातलं खनिज फ्लोराइड धरून ठेवतं. जवळच न्गुर्दोतोला पाणी खात्याचं संशोधन केंद्र आहे, तिथं हे काम बरंच आधीपासून चालतं. आणि तिथल्याच इतिहासात मला नागपूर सापडलं. तुरटी आणि चुना घालून पाणी ढवळायचं, निवळू द्यायचं आणि वरचं प्यायचं, ही 'नलगोंडा पद्धत' नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेत तयार झाली. १९९० च्या दशकात न्गुर्दोतोला ती दोन बादल्यांत बसवून पाहिली गेली. "तुमची पद्धत चांगली आहे," पाण्याच्या केंद्रातले प्राध्यापक म्हणाले, "पण फ्लोराइड खूप जास्त असेल तर तुरटी इतकी लागते की पाणी पिववत नाही, आणि घरातल्या बाईनं रोज मापून घालायची कशी?" म्हणून ते पुढे गेले. हाडाचा कोळसा, स्थानिक माती, नवे पदार्थ. जनावराचं हाड सगळ्यांनाच चालत नाही, हेही त्यांनी मोकळेपणानं सांगितलं. इथंच शिकवणारे अस्क्वार हिलोंगा यांनी वाळू आणि नॅनोपदार्थांची अशी गाळणी केली की गावातल्या पाण्यात जो दोष असेल त्यानुसार तिच्यातला मसाला बदलता येतो. २०१५ मध्ये अभियांत्रिकीतल्या नव्या शोधांचं पहिलं आफ्रिका पारितोषिक त्यांना मिळालं. आता ती गाळणी बसवलेल्या टपऱ्यांवर पाणी विकलं जातं आणि त्यावर काही घरं चालतात.

एका विद्यार्थ्यानं माझ्याकडे यवतमाळच्या पाण्याचे आकडे मागितले. मेरूचं पाणी आणि दख्खनच्या काळ्या दगडातलं आणि त्याखालच्या जुन्या खडकातलं पाणी यांत बाकीचे क्षार वेगळे, मग हाच कोळसा तिथं तसाच चालेल का, हे त्याला पाहायचं आहे. मी तिथूनच भूजल खात्यातल्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन लावला. "बाई, आकडे तर सार्वजनिकच आहेत, पाठवतो," तो म्हणाला.

मंगळवार-बुधवार, झांझिबार

लहान विमान, मग निळं-हिरवं पाणी. स्टोन टाउनपासून दक्षिणेला ब्वेलेओला आयआयटी मद्रासचा परिसर आहे, २०२३ मध्ये सुरू झालेला. आयआयटीचं भारताबाहेरचं हे पहिलं. सध्या विदाशास्त्र (डेटा सायन्स) आणि कृत्रिम बुद्धिमत्ता असे विषय. फाटकावरचं नाव वाचून ऊर भरून आला. आयआयटी मद्रास १९५९ मध्ये पश्चिम जर्मनीच्या मदतीनं उभी राहिली, पवईची आयआयटी त्याआधी वर्षभर सोव्हिएत मदतीनं. घेतलेलं पुढे देण्याची वेळ आपल्यावर आली आहे आणि आपण ती ओळखली, याचा मला आनंद आहे. माझं म्हणणं एवढंच, की इथल्या मुलांना गणनेसाठी विषय हवा असेल तर तो पूर्वेच्या किनाऱ्यावर, तासाभराच्या अंतरावर पडलेला आहे.

बुधवारी पाजेला गेले. उधाणाचे दिवस, ओहोटीला समुद्र खूप लांब गेलेला. गुडघाभर पाण्यात बायका, खुंट्यांना बांधलेल्या दोऱ्यांवर समुद्रशेवाळ. १९८९ पासून ही शेती आहे आणि ती मुख्यतः बायकांचीच. शेवाळातला चिकट पदार्थ टूथपेस्टपासून आइस्क्रीमपर्यंत सगळ्यात जातो. दोन जाती. एकीला, 'कॉटोनी'ला, भाव चांगला. पण उथळ पाणी तापलं की ती पांढरी पडून कुजते, आणि डिसेंबर ते मार्च पाणी तापतंच. दारेसलाम विद्यापीठाच्या सागरविज्ञान संस्थेतल्या संशोधक फ्लॉवर म्सुया यांनी यावर नळीसारखी जाळी आणली. शेवाळ जाळीत भरून खोल, थंड पाण्यात तरंगवायचं. शेवाळ जगलं. पण खोल पाण्यात जायला होडी हवी आणि पोहता यायला हवं, आणि इथल्या बहुतेक बायकांना लहानपणी पोहायला शिकवलेलं नव्हतं. तेव्हा पोहणं शिकवणं हाही या कामाचा भाग झाला. साबण करणं, पूड करून विकणं हेही त्यांनी बायकांना शिकवलं, कारण कच्चं शेवाळ विकून हाती फार थोडं येतं.

एका बाईंच्या शेजारी पाण्यात उभी राहून मी दोरीला शेवाळाच्या गाठी मारल्या. भाची किनाऱ्यावरून "मावशी, भरती लागली, वर ये" म्हणून हाका मारत होती. बाईंनी मला विचारलं, तू काय काम करतेस? शिकवत होते, म्हटलं. मग त्यांनी त्यांच्या मुलीबद्दल सांगितलं. ती विज्ञान घेऊन बारावीच्या तोडीच्या परीक्षेला बसली आहे आणि तिला सागरविज्ञानाला जायचं आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज कुठे मिळतो ते बाईंना हवं होतं. संध्याकाळी सागरविज्ञान संस्थेच्या कार्यालयात जाऊन तिथल्या बाईंकडून पत्ता आणि अर्जाची तारीख घेतली, आणि पाजेच्या दुकानदाराच्या फोनवर निरोप ठेवला.